नोंद पुन्हा सापडते का? टिपण-अ‍ॅपची नवी मांडणी करण्यापूर्वी वापरकर्त्यांचा अभ्यास कसा करावा

मोबाइलवर टिपणे आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या अ‍ॅपची नव्याने मांडणी करू पाहणारे छोटे चमू, डिझाइनचे विद्यार्थी आणि स्वतंत्रपणे अ‍ॅप चालवणारे व्यावसायिक यांना पडणारे प्रश्न बहुधा तेच असतात: सर्वेक्षण करावे की मुलाखती घ्याव्यात, माणसे किती लागतात, लोकांनी मागितलेली प्रत्येक सोय द्यावी का आणि त्यांच्या खासगी नोंदी पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे का. या प्रश्नांची सुटी सुटी उत्तरे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती सर्व एका मूळ प्रश्नाला बांधलेली आहेत. टिपणाचे अ‍ॅप लिहिण्याच्या वेळी सहसा कमी पडत नाही. पंधरा दिवसांनी बँकेच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना तीच नोंद हवी असते आणि सापडत नाही, तेव्हा ते कमी पडते. म्हणून अभ्यासाची आखणी, माणसांची निवड, प्रश्न आणि मोजमाप हे सर्व ‘नोंद परत सापडणे’ या क्षणाभोवती करावे.

वापरकर्ता-संशोधन म्हणजे अ‍ॅप वापरणारी माणसे प्रत्यक्षात काय करतात, कुठे अडतात आणि अडल्यावर कोणती पळवाट काढतात याचा पद्धतशीर शोध. कोणता रंग आवडतो याची मतमोजणी त्यात येत नाही.

आधी निर्णय लिहा, मग प्रश्न काढा

अभ्यास सुरू करण्यापूर्वी त्याच्या निकालावर कोणते निर्णय ठरणार आहेत ते एका कागदावर लिहून काढावे. ज्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले तरी आपली कृती बदलणार नाही, तो प्रश्न अभ्यासातून वगळावा. टिपण-अ‍ॅपच्या बाबतीत प्रत्यक्षात पुढे येणारे निर्णय साधारणपणे असे असतात:

- मुखपृष्ठावर सर्वांत अलीकडच्या नोंदी दाखवाव्यात की फोल्डर?
- स्कॅन केलेले कागद आणि लिहिलेली टिपणे एकाच यादीत ठेवावीत की वेगळी?
- फोल्डर, खुणेच्या चिठ्ठ्या (टॅग) आणि शोध यांपैकी कशावर अधिक मेहनत घ्यावी?
- पटलावरील शब्द ‘जतन करा’ असावेत की ‘सेव्ह करा’?

हाताशी असलेला पुरावा प्रथम वाचा

नवीन माणसांना भेटण्यापूर्वी मदतीसाठी आलेली पत्रे, अ‍ॅपच्या दुकानातील अभिप्राय आणि अ‍ॅपमध्ये आपोआप नोंदल्या जाणाऱ्या कृतींची आकडेवारी वाचून घ्यावी. या आकडेवारीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अनुभवातून स्पष्ट होतात. ऑफिस २००७ ची मांडणी बदलताना कंपनीने संमतीने जमवलेली वापराची माहिती तपासली, तेव्हा वर्ड २००३ मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञांचा वाटा एकूण वापराच्या सुमारे ३२ टक्के असल्याचे दिसले. काय वारंवार घडते हे अशा आकड्यांवरून कळते; ते का घडते आणि जे क्वचित घडते ते किती मोलाचे आहे, हे मात्र कळत नाही. ‘सर्व नोंदी बाहेर काढा’ ही सोय एखादा माणूस वर्षातून एकदाच वापरत असेल, पण फोन बदलण्याच्या दिवशी तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते. म्हणून कमी वापराच्या आधारावर एखादी सोय काढून टाकण्यापूर्वी तिच्या वापरकर्त्यांशी बोलणे आवश्यक ठरते.

कोणाला निवडावे

वय, लिंग आणि शहर यांवरून केलेली निवड येथे अपुरी पडते, कारण नोंदी ठेवण्याच्या आणि शोधण्याच्या सवयींतील फरक या रकान्यांत सहसा दिसत नाही. थॉमस मॅलोन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यालयीन टेबलांच्या अभ्यासात दोन गोष्टी मांडल्या, त्या आजही उपयोगी आहेत. पहिली अशी, की काही माणसे कागद नावे घालून फायलींत लावतात, तर काही नुसते ढीग रचतात. दुसरी अशी, की टेबलावर समोर ठेवलेला कागद केवळ सापडण्यासाठी नसतो, तो कामाची आठवण करून देण्यासाठीही असतो. मोबाइलवरही हेच घडत असल्याने पुढील गटांतून सहभागी घ्यावेत:

- लावून ठेवणारे: फोल्डर, नावे आणि तारखा कसोशीने सांभाळणारे, उदाहरणार्थ बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या सचिव किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी.
- ढीग रचणारे: ज्यांच्याकडे शीर्षक नसलेल्या शेकडो नोंदी आणि स्क्रीनशॉट आहेत असे.
- अ‍ॅप सोडून गेलेले: ज्यांनी आपले अ‍ॅप काढून टाकले किंवा बरेच महिने उघडले नाही असे. यांना गाठणे अवघड असते, पण त्यांच्या बोलण्यातून सर्वाधिक शिकायला मिळते.
- टिपण-अ‍ॅप न वापरणारे: व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच संदेश पाठवून काम भागवणारे. त्यासाठी एकट्याचाच गट काढण्याची युक्ती लोकांनी इतकी रूढ केली होती, की नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःला संदेश पाठवण्याची सोय अधिकृतपणेच दिली.

घरातला एकच फोन दोघे-तिघे वापरत असतील, तर त्यांनाही मुद्दाम बोलवावे. नोंद कोणाची आणि ती कोणी पाहू नये, हा प्रश्न अशा घरांत पहिल्याच दिवशी उभा राहतो.

किती माणसे पुरतात

‘पाच माणसे पुरतात’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, परंतु त्याच्या अटी क्वचितच सांगितल्या जातात. जेकब नील्सन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एखादी अडचण सरासरी ३१ टक्के सहभागींना येत असेल, तर पाच माणसांच्या चाचणीत अशा सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. मात्र जी अडचण दहातल्या एकालाच येते, ती पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता त्याच गणिताने केवळ ४१ टक्के भरते. त्यावरून पुढील नियम पाळता येतात:

- एका गटाच्या एका फेरीसाठी पाच ते सहा माणसे घ्यावीत, दोष सुधारावेत आणि नव्या पाच जणांसह दुसरी फेरी करावी. एकाच वेळी पंधरा जणांना बोलावण्यापेक्षा तीन फेऱ्या अधिक फलदायी ठरतात.
- लावून ठेवणारे आणि ढीग रचणारे यांसारखे वेगळे गट असतील, तर प्रत्येक गटासाठी माणसे स्वतंत्र मोजावीत.
- पाच जणांच्या चाचणीवरून टक्केवारी कधीही सांगू नये. ‘पाचपैकी तिघे अडले’ हे विधान बरोबर आहे. ‘६० टक्के वापरकर्ते अडतात’ हे नाही. टक्केवारीच हवी असेल, तर यदृच्छेने निवडलेले सुमारे १०० जण घेतल्यासही उत्तर दहा टक्के वर-खाली असू शकते आणि ही चूक पाच टक्क्यांवर आणण्यासाठी सुमारे ४०० जण लागतात.

कोणती पद्धत केव्हा वापरावी

- मुलाखत: सवयी आणि त्यांमागची कारणे समजून घेण्यासाठी. ती शक्यतो माणूस जिथे अ‍ॅप वापरतो त्या जागी, म्हणजे दुकानात, अभ्यासिकेत किंवा कार्यालयात घ्यावी.
- रोजनिशी: सहभागी दोन आठवडे रोज दोन-तीन ओळींत, काय टिपले आणि काय शोधावे लागले, ते कळवतो. आठवणीवर विसंबून सांगितलेल्या उत्तरांपेक्षा हे अधिक भरवशाचे असते.
- चिठ्ठ्यांची वर्गवारी: ‘लाइट बिल’, ‘रेशनकार्ड’, ‘किराण्याची यादी’, ‘वर्गातील टिपणे’ अशा ३० ते ४० चिठ्ठ्या देऊन त्यांचे गट पाडायला आणि गटांना नावे द्यायला सांगावे. मेनूची रचना यावरून ठरते.
- कार्यचाचणी: कच्च्या नमुन्यावर ठरावीक कामे करायला देऊन, मनात येईल ते मोठ्याने बोलत ती करायला सांगण्याची पद्धत. येथे सहभागीला मदत करण्याचा मोह आवरणे हेच सर्वांत मोठे कौशल्य होय.
- सर्वेक्षण: सर्वांत शेवटी, मुलाखतींतून जे कळले ते किती पसरलेले आहे हे मोजण्यासाठी. काय विचारायचे तेच ठाऊक नसताना केलेले सर्वेक्षण आपल्याच अंदाजांचा प्रतिध्वनी परत देते.

मुलाखतीत काय विचारावे, काय टाळावे

माणसांना भविष्यातील स्वतःच्या वागण्याचा अंदाज नीट करता येत नाही, आणि समोरच्याचे मन राखण्याची आपल्याकडची सवय त्यात भर घालते. ‘ही सोय दिली तर वापराल का?’ या प्रश्नाला ‘हो, नक्की’ हेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न सर्वांत अलीकडे घडलेल्या एखाद्या प्रसंगावर टेकवावा.

- ‘आपण नोंदी कशा लावता?’ याऐवजी ‘शेवटची नोंद केव्हा लिहिली? ती आता कुठे आहे, हे पाहून सांगता का?’
- ‘शोध नीट चालतो का?’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात काही शोधावे लागले का? पहिल्यांदा कुठे पाहिले, आणि तिथे नसल्यावर काय केले?’
- ‘आणखी कोणती सोय हवी?’ याऐवजी ‘हे काम अ‍ॅपबाहेर कुठे करावे लागते?’

एखाद्याने सोय मागितलीच, तर ती लिहून घ्यावी आणि ती नसल्यामुळे शेवटचे कधी अडले ते विचारावे. असा प्रसंग सांगता येत नसेल, तर मागणीचे वजन कमी धरावे. अ‍ॅप बदललेल्यांना जुन्या नोंदींचे काय झाले हे अवश्य विचारावे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये कॅमस्कॅनर हे स्कॅनिंगचे लोकप्रिय अ‍ॅपही होते. तेव्हा आपले कागद कसे बाहेर काढले, ही आठवण एखाद्या सहभागीकडे असेल, तर कागद बाहेर काढण्याच्या सोयीविषयी तीतून पुष्कळ कळते.

परतशोधाची चाचणी

नेहमीच्या कार्यचाचणीत एक उणीव असते. सहभागीला आपण तयार केलेल्या खोट्या नोंदी दिल्या, तर त्या कुठे ठेवल्या याची आठवण त्याच्यापाशी नसते आणि म्हणून शोधण्याची खरी परीक्षा होत नाही. त्याच्या स्वतःच्या नोंदी उघडायला लावल्या, तर खासगीपणाचा भंग होतो. पुढील रचनेने दोन्ही अडचणी टाळता येतात:

१. पहिल्या दिवशी सहभागीला निरुपद्रवी विषयांवरील बारा नोंदी स्वतःच्या पद्धतीने करायला सांगाव्यात. त्यांत एखादे स्कॅन, एक छायाचित्र, एक बोलून लिहिलेली नोंद आणि एक यादी असावी. नावे आणि जागा त्यानेच ठरवाव्यात.
२. पुढचे दहा दिवस त्याने अ‍ॅप नेहमीप्रमाणे वापरावे, म्हणजे या नोंदी इतर नोंदींच्या गर्दीत मिसळतील.
३. बाराव्या दिवशी बारापैकी सहा नोंदी शोधायला सांगाव्यात, पण नोंदीचे शीर्षक न सांगता प्रसंग सांगावा: ‘दुकानदाराने पंखा बदलून देण्यासाठी पावती मागितली आहे.’
४. प्रत्येक शोधासाठी चार गोष्टी टिपाव्यात: नोंद सापडली का, किती वेळ लागला, पहिली चाल कोणती होती (यादी सरकवणे, फोल्डर की शोध) आणि सहभागीने हार केव्हा मानली.
५. शेवटी ‘ती तिथे असेल असे का वाटले?’ एवढेच विचारावे.

पहिल्या चालीची नोंद विशेष महत्त्वाची आहे. ओफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे, की संगणकावरील स्वतःच्या फायली शोधताना लोक प्रथम ओळखीच्या जागेकडे वळतात आणि शोधपेटी बहुधा जागा विसरल्यावरच वापरतात. आपल्या सहभागींतही तेच दिसले, तर ‘शोध सुधारला की फोल्डर लागणार नाहीत’ हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

मराठीतील खास अडथळे

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी अ‍ॅप असेल, तर चाचणीत पुढील गोष्टी मुद्दाम घालाव्यात, कारण सर्वसाधारण चाचणीत त्या निसटतात.

- एकच शब्द, अनेक संकेत: ‘दुसऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून साधतात, तर काही साध्या ‘र’पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून साधतात. ‘अ‍ॅप’ या शब्दाचा पहिला स्वरही एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अ‍ॅपने ते एकरूप करून घेतले नसतील तर शोधात सापडत नाहीत, आणि सहभागी मात्र ‘नोंद पुसली गेली’ असे समजतो.
- एकच वस्तू, अनेक नावे: ‘सातबारा’ हा शब्द अक्षरांत, देवनागरी अंकांत, इंग्रजी अंकांत आणि रोमन लिपीत अशा चार तऱ्हांनी टंकला जातो. चारही तऱ्हांनी शोध चालतो का, ते पाहावे.
- जुन्या टंकातील कागद: युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेली पीडीएफ वाचता येते, पण तिच्यातील मजकूर यंत्राला मराठी म्हणून कळत नाही. असा एक कागद चाचणीत असावा.
- पटलावरील शब्द: ‘संचिका’ शुद्ध असली तरी वापरकर्ता ‘फाइल’ म्हणत असेल, तर चिठ्ठ्यांच्या वर्गवारीत त्याने वापरलेला शब्दच ग्राह्य धरावा.

सहभागींचे हक्क आणि आपली बंधने

टिपण-अ‍ॅपमध्ये पासवर्ड, औषधे, उसनवारी आणि मनातले बोलणे शेजारी शेजारी असते, म्हणून येथे संमतीचा प्रश्न औपचारिक राहत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोट या कंपनीने यंत्रशिक्षणाच्या कामासाठी काही कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाहता येतील असे धोरण जाहीर केले, तेव्हा इतका विरोध झाला की काही दिवसांतच ते मागे घेऊन, ग्राहकाने स्वतः परवानगी दिल्यासच तसे होईल असे तिला जाहीर करावे लागले.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा या विषयाचा मुख्य कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. तथापि अभ्यासाची घडी आजच त्यानुसार बसवणे शहाणपणाचे ठरते.

- संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. अ‍ॅपच्या सर्वसाधारण अटींना दिलेला होकार ही अभ्यासाची संमती नव्हे.
- कोणती माहिती, कशासाठी घेतली जाणार हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याचा पर्याय सहभागीला असतो. मराठी सहभागींना ती सोप्या मराठीतच द्यावी.
- संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. आपली माहिती पाहणे, दुरुस्त करवणे, पुसून घेणे आणि तक्रार करणे हेही सहभागीचे हक्क आहेत.
- १८ वर्षांखालील सहभागीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बोलावताना वय विचारायला विसरू नये.
- कायद्यात संशोधनासाठी मर्यादित सूट आहे, परंतु ती ठरावीक मानकांच्या अधीन असल्याने आपल्या उत्पादनाच्या अभ्यासासाठी तिच्यावर विसंबू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा, की फोन सहभागीच्याच हातात राहावा, पडद्याचे चित्रीकरण केवळ चाचणीसाठी केलेल्या नोंदींपुरते करावे, खासगी नोंद उघडल्यास चित्रीकरण तत्काळ थांबवावे, आणि नावाऐवजी क्रमांक वापरून ध्वनिमुद्रणे पुसण्याची तारीख आधीच ठरवावी. मानधन ठरले असेल, तर सहभागी मध्येच उठून गेला तरी ते द्यावे. अन्यथा ‘केव्हाही थांबू शकता’ या आश्वासनाला अर्थ उरत नाही.

निष्कर्षांपासून निर्णयापर्यंत

प्रत्येक अडचणीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती किती जणांना आली, तिच्यामुळे काम पूर्ण अडले की केवळ रेंगाळले, आणि तिच्यावर मात करायला माणूस आपोआप शिकतो का. नोंद हरवल्याचा भास निर्माण करणारी अडचण एकालाच आली तरी ती यादीत वर घ्यावी, कारण त्यानंतर माणूस त्या अ‍ॅपवर विश्वास टाकत नाही. सुरुवातीला लिहिलेल्या निर्णयांपैकी कोणता सुटला आणि कोणता अजून खुला आहे, हे एका पानात मांडता आले पाहिजे.

जुनी आणि नवी मांडणी यांची तुलना करण्यासाठी जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची उपयोगिता-मापनपट्टी सोयीची आहे. तिचे गुण ० ते १०० असतात, पण ते टक्के नव्हेत. अनेक अभ्यासांतील सरासरी सुमारे ६८ धरली जाते. या गुणांच्या बरोबरीने परतशोधात सहापैकी किती नोंदी सापडल्या हा आकडा ठेवावा. अ‍ॅप आवडले पण नोंदी सापडल्या नाहीत, असा निकाल आला तर दुसऱ्या आकड्याला प्राधान्य द्यावे.

नवी मांडणी देताना

जुन्या वापरकर्त्याच्या दृष्टीने जागेची आठवण हीच अनुक्रमणिका असते, त्यामुळे चांगली नवी मांडणीही पहिल्या दिवशी त्याचे नुकसानच करते. म्हणून बदल टप्प्याटप्प्याने द्यावा, काही काळ जुन्या रचनेकडे परतण्याची वाट ठेवावी, नोंदींची आपोआप नवी वर्गवारी करू नये आणि सर्व नोंदी बाहेर काढण्याची सोय पहिल्या आवृत्तीपासूनच असू द्यावी. त्यानंतर महिन्याभराने त्याच सहभागींकडून पहिल्या चाचणीतील उरलेल्या सहा नोंदी शोधून घ्याव्यात. जुन्या मांडणीत जपून ठेवलेल्या या नोंदी नव्या मांडणीतही हाती लागल्या, तर पुनर्रचना मार्गी लागली असे समजण्यास हरकत नाही. न लागल्यास तेथूनच अभ्यासाची पुढची फेरी सुरू करावी.